हँडल नसलेली मोटार

पोलीसवाल्यानं आठवणी लिहायला घेतल्या की ‘तो प्रसंग अजून डोळ्यांपुढून हलत नाही’ असं काहीतरी पहिल्या ओळीत टाकायचं असतं. दुसऱ्या ओळीत मुडदा. मुलूख जंगलाचा असला तर मुडद्याशेजारी वाघाचे पंजे. तुम्ही सरसावून बसला असाल तर आधीच सांगून ठेवतो, माझ्या या केसमध्ये मुडदा नाही, वाघ नाही, गोळी सुटली नाही, कोणाला बेडी पडली नाही. गेलेली वस्तू म्हणजे दोन ठिकाणी वाकवलेली हातभर लोखंडी दांडी. भंगारवाल्यानं तिचे आठ आणे दिले नसते. पुढे नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांच्या तारखा कधीच विसरलो. ही दांडी मात्र दुपारी जरा डोळा लागला की समोर येते. उन्हाच्या एका पट्ट्यात चमकत असते आणि कुठून तरी लांबून मोटारीची घरघर ऐकू येते.

पन्नास सालानंतरची पाच-सहा वर्षं धरा. जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, त्याला चांदा म्हणत, गडचिरोली ही त्यातली एक तहसील. मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती. चांद्याहून वैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं ठाणं होतं. समोर तलाव, मागे धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, व्हरांड्यात एक लाकडी बाक. त्या बाकावर बसून फिर्यादीही झोपत आणि आरोपीही.

मी सागरहून ट्रेनिंग घेऊन आलेला नवा सब-इन्स्पेक्टर. वय तेवीस. वर्दी अंगात ढिली आणि जीभ त्याहून ढिली. मला नकला यायच्या. तलावावरचा बगळा, नदीच्या घाटाकडे जाणारी बस, कचेरीतला पेशकार, सगळे यायचे. सगळ्यात झकास यायचे आमचे ठाणेदार साहेब. ते बोलायच्या आधी खाकरत, मग ‘हं’ म्हणत, मग तोंडातलं पान या गालातून त्या गालात सारत आणि शेवटी एकच वाक्य बोलत. ते सगळं मी करून दाखवायचो, पान सोडून. जमादार हसायचे आणि हसता हसता दाराकडे बघायचे. ठाण्यात मला नकल्या म्हणत, ते साहेबांच्या कानावर होतंच.

माघ महिना होता. ठाणेदार साहेब सेशन कोर्टात साक्षीसाठी चांद्याला गेले, शनिवारी येतो म्हणाले. जाताना म्हणाले, “हं. ठाणं जागेवर ठेव.” बुधवारी सकाळी मी त्यांच्या खुर्चीच्या बाजूच्या खुर्चीवर बसलो होतो, त्यांच्या खुर्चीवर बसायची हिंमत अजून झाली नव्हती, तेवढ्यात बाजाराजवळचा सायकल दुरुस्तीवाला आत आला. सोबत त्याची बायको. त्याच्या उजव्या मनगटावर फडकं बांधलेलं.

“रपट लिवा, साहेब. माह्या मोटारीची.”

“मोटार चोरीला गेली?”

“नाई जी. मोटार उभी हाये. तिचं हँडल गेलं.”

मी हसलो. त्याची बायको हसली नाही. म्हणून मी दौत पुढे ओढली.

आजच्या वाचकांना सांगायला हवं. तेव्हाच्या जुन्या मोटारीच्या नाकाखाली एक भोक असायचं. त्यात हँडल घालून दोन्ही हातांनी गरगर फिरवलं की मोटार खोकत खोकत जागी व्हायची. हँडल नसेल तर सहा माणसं धक्क्याला लागत आणि पुढे उतार लागे. या दोघांनी मोटार तलावाच्या पाळीवर नेऊन उभी केली होती, तेवढाच गावात उतार. पण शनिवारी चांद्याला पासिंग होतं. मोटारीचा साहेब दोन महिन्यांतून एकदा यायचा आणि गाडी त्याच्या समोर हँडल मारून चालू करून दाखवावी लागायची. घाटापर्यंत सवारी नेण्याचं परमिट शनिवारच्या बोलीवर होतं. शनिवार चुकला की ते पुढच्या अर्जदाराला मिळणार आणि पुढचा अर्जदार दारातच उभा होता. लोहाराकडून दुसरं हँडल ठोकून घेतलं होतं, ते भोकात बसलं, पण फिरवताना घसरलं आणि मनगटावर आलं. नागपूरहून मागवलं तर पंधरा दिवस.

“पण तू मोटार घेतली कशी?” मी विचारलं. हा प्रश्न तपासाचा नव्हता. खरंच नवल वाटलं होतं. दिवसभर दोन आण्याची पंक्चरं काढणारा माणूस.

त्यानं सांगितलं ते मी रोजनाम्यात लिहिलं नाही, तिथे तेवढी जागा नसते. सात वर्षांपासून त्याला वाटायचं, आपली एक मोटार असावी. नव्या मोटारीची किंमत त्यानं कधी विचारलीही नाही. “इचारून काय करू जी? चंद्राची किंमत कोणी इचारते का?” दुकानातल्या डब्यात अडीचशे जमले, तेव्हा कळलं की पाच मैलांवरचे मालक आपली मोटार विकायला काढून राह्यले. मालक म्हणजे त्या गावचे जुने मालगुजार. आठशे सांगत होते. सायकलवाला चांद्याच्या एका पेढीवर गेला. पेढीवाल्यानं विचारलं, जमीन किती? नाही. घर? भाड्याचं. मग कर्ज द्यायचं कशावर? “मोटारीवर,” हा म्हणाला. पेढीवाला म्हणाला, “बैल मेला तं कातडं तरी निघते, बाप्पा. मोटार मेली तं काय निघते?”

तेव्हा त्याच्या बायकोनं गळ्यातली एकदाणी काढून ठेवली. सोनारानं तिच्यावर दीडशे दिले. चारशे रोख झाले. उरलेले चारशे मालकांनी स्वतःच थांबून घ्यायचं कबूल केलं, महिन्याला पंचवीस, सोळा महिने. कागद नाही, स्टँप नाही.

“मग सौदा झाला कसा?”

“जसा होते तसाच झाला,” बाई म्हणाली. “दुपट्ट्याखाली.”

बैलबाजारात दलाल आणि गिऱ्हाईक दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात, चारचौघांना कळू नये म्हणून. इथे अंगणात मालकांचा डायवर सोडला तर चौथा माणूस नव्हता, तरी दोघांनी हातावर दुपट्टा टाकला. त्याआधी सायकलवाल्यानं मोटारीला तीन फेऱ्या घातल्या, चाकं दाबून पाहिली, पुढची जाळी दातांसारखी तपासली. बाईनं बॉनेटला कुंकू लावलं, चाकांवर पाणी घातलं. मालकांच्या जुन्या डायवरनं हँडल मारलं, मोटार जागी झाली, ती तशीच चालू ठेवून तो या दोघांना घेऊन निघाला.

“मी मागं बसली होती,” बाई म्हणाली. ती पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता बोलत होती, खिडकीबाहेर बघत. “बांध्यांत लाखोरी फुललेली. निळंच निळं, दोन्हीकडून. मी हात बाहेर काढला तं वारा मुठीत येऊन राह्यला होता. मले वाटलं, हे काई आपलं नाई. कोणाचं तरी सपन हाये अन् आपण चुकून त्यात बसलो.”

घरी आल्यावर मोटार बंद केली. दुसऱ्या दिवशी बघतात तर हँडल नाही. सायकलवाला पाच मैल सायकल मारत मालकांकडे गेला. मालक म्हणाले, “माह्यापाशी तुमचं काई नाई, बाप्पा.” मालक खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. आख्खी तहसील तसं सांगे.

राहिला डायवर. जंगलातल्या गावचा गोंड माणूस, मालकांकडे अठरा वर्षं नोकरीला. पुढे हीच मोटार त्यानंच चालवायची असं ठरलं होतं. मी लगेच आडाखा बांधला. आता नोकरी नव्या मालकाकडे, तर हँडल दाबून ठेवायचं आणि शनिवार जवळ आला की पगार वाढवून मागायचा. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, वस्तूला शेवटचा हात कोणाचा लागला ते बघा.

“तो नाई घेणार, साहेब,” सायकलवाला म्हणाला.

“ते आम्ही ठरवू,” मी म्हणालो. हे वाक्य मी ठाणेदार साहेबांच्या आवाजात म्हणालो, पण ते त्याला कळलं नाही.

गुरुवारी खबर आली. बसच्या थांब्यावरचा पानवाला आमचा माणूस. चुना लावता लावता म्हणाला, “डायवर बजारातून गेला सकाळी. काखेत पोत्यात गुंडाळलेलं लांबडं काईतरी होतं. मी इचारलं, काय नेऊन राह्यला गा? तं म्हणे, मोटारीचं काम हाये.”

याहून मोठी खबर तोवर मला मिळाली नव्हती. दोन शिपाई आणि दोन पंच घेऊन मी त्याच्या गावी गेलो. दहा घरांचं गाव, भोवती साग. भिंती इतक्या स्वच्छ सारवलेल्या की बूट काढावेसे वाटले, पण वर्दीत होतो, काढले नाहीत. सगळं गाव गोळा होऊन बघत राहिलं. त्याच्या बायकोनं आम्हाला पाणी दिलं. झडतीत निघालं ते असं: तीन मडकी, एक कांबळं, एक खाकी टोपी, आणि पोत्यात गुंडाळलेला अंबाडीच्या वाखाचा जुडगा. दोरी वळतात तो वाख.

“हे मोटारीचं काम?” मी विचारलं.

“होय जी.”

मला वाटलं, हा माझी टिंगल करतो. टिंगल करणाऱ्याला दुसऱ्यानं केलेली टिंगल फार लागते. मी त्याला ठाण्यावर आणलं. येताना त्यानं वाख काखेत घेतला.

त्याला अटक केली नाही, बसवून ठेवलं. व्हरांड्यातल्या बाकावर. संध्याकाळी घरी जा, सकाळी ये. तो बाकावर बसला, धोतर गुडघ्याच्या वर घेतलं, वाख मोकळा केला आणि मांडीवर पीळ द्यायला लागला.

“हँडल कुठी हाये?”

“मी नाई घेतलं जी.”

“मंग कोणी चोरलं?”

“कोणीच नाई चोरलं.”

“तं काय पाय फुटले त्याले?”

“हाये आपल्या जागी.”

“कोणत्या जागी?”

त्याचे हात थांबले नाहीत. “ते मी नाई सांगत, साहेब. सनिवारच्या आत होते. तुमी जिवाले लावून नका घेऊ.”

मी आत जाऊन रोजनाम्यात टाकलं: ‘संशयिताने शनिवारच्या आत वस्तू परत करण्याचे आडमार्गाने कबूल केले आहे. संशयित दोरी वळत बसला आहे. वर्तन बेफिकीर.’ अक्षर सुंदर आलं होतं.

शुक्रवारी सकाळी मी ठेवणीतला डाव काढला. साहेबांच्या खोलीचं दार लोटून घेतलं, आतून खाकरलो, ‘हं’ केलं, थोडा थांबलो आणि त्यांच्या आवाजात म्हणालो, “जमादार, त्याले आत आणा. अन् पट्टा आणा.”

मग बाकावरून डायवरचा आवाज आला, अगदी समजुतीचा.

“आवाज बराबर हाये, छोटे साहेब. पण मोठे साहेब पान खाऊन बोलते. पान राह्यलं.”

जमादार विहिरीवर गेले ते बराच वेळ आले नाहीत.

दुपारी मी सायकल काढली आणि मालकांच्या गावी निघालो. त्यांची जबानी घ्यायची राहिली होती, निदान कारण तरी तेच होतं. खरं म्हणजे ठाण्यात तोंड दाखवायला जागा उरली नव्हती. रस्ता रिकामा. दोन्हीकडे लाखोरीची फुलं, वारा पडलेला, आणि निळं इतकं की आकाश कुठे संपतं ते कळेना. सायकलची साखळी आपल्याशीच काहीतरी बोलत होती. मधेच मला वाटलं, कुठला तपास, कुठलं हँडल, आपण असंच जात राहावं, म्हणजे वैनगंगा येईल, तिच्या पलीकडे जंगल, आणि जंगलात काही विचारायचं नसतं.

मालकांचं अंगण सारवलेलं, सामसूम. मालक व्हरांड्यात आरामखुर्चीत झोपले होते. सत्तरीचे असतील. पोटावर हात, तोंड थोडं उघडं. उठवायला धीर होईना, म्हणून मी अंगणापलीकडे गेलो. लांब गोठा होता, वीस जनावरांचा तरी. आत एक म्हैस आणि बाकी उजाड. मधोमध जमिनीवर तेलाचा काळा डाग. मोटार इथेच बांधत, म्हणजे उभी करत. तिच्या दोन्ही अंगांना एकेकाळी बैल असणार.

मी त्या डागावर उभा राहिलो. आणि पुढे जे केलं त्याला तपास म्हणायची माझी आजही छाती नाही. ती मोटार पाळीवरून धक्का मारून चालू करताना मी ऐकली होती. तिचा खोकला माझ्या गळ्यात बसला होता. खुळ्ळ, खुळ्ळ, मग दम खाणं, मग एक फट्, मग ढग् ढग् ढग् ढग् आणि त्याखाली एक बारीक शिट्टी. मी तो आवाज काढला. कोणी ऐकायला नव्हतं, म्हणून फार मनापासून काढला.

“थांब, थांब. आलो.”

मालक खुर्चीतून उठले होते. डोळे अर्धे मिटलेले. अनवाणी अंगण ओलांडून ते गोठ्यात आले, माझ्याजवळून गेले, मी जणू खांबच होतो. भिंतीला खुंट्यांची रांग होती. त्यांनी न शोधता, न बघता हात वर केला, शेवटच्या खुंटीवरून हँडल काढलं आणि वळून त्या तेलाच्या डागासमोर उभे राहिले. कौलातल्या फटीतून उन्हाचा पट्टा आला होता, तो त्या लोखंडावर पडला.

मी आवाज बंद केला. मालकांचे डोळे हळूहळू उघडले. त्यांनी डागाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या वर्दीकडे.

“तुमी काढला आवाज?”

“होय जी.”

मला वाटलं, आता चिडतील. ते म्हणाले, “अजून एक डाव काढा.”

मी काढला. या वेळी सावकाश. ते मान खाली घालून ऐकत राहिले आणि शिट्टीच्या जागी आल्यावर त्यांनी नुसतं बोट वर केलं, हो, हेच, अशा अर्थानं.

“मालक,” मी म्हणालो, “हे हँडल तुमच्याजवळ होतं. तुम्ही तर त्याला म्हणालात, माझ्यापाशी तुमचं काही नाही.”

“मंग? त्याचं काय हाये माह्यापाशी? हे माहं हाये.” त्यांनी खुंट्यांकडे हात केला. प्रत्येक खुंटीला एक दावं. नुसती दोरखंडं, जनावर नाही. “हे ढवळ्याचं. पंधरा वर्सं होता. हे त्याच्या जोडीदाराचं. ही दोन मंडईत इकलेल्या गोऱ्ह्यायची. मालगुजारी गेली तवा एकेक जनावर देत गेलो. पण जनावर देते माणूस, दावं नाई देत. दावं गेलं तं गोठ्यात मंग काई उभं नाई राहत. माह्या बापानं नाई देल्लं, आज्यानं नाई देल्लं.”

“पण ही मोटार आहे, मालक.”

“मले का समजत नाई? पण सौदा कसा झाला? दुपट्ट्याखाली झाला. चाकावर पाणी घातलं, कुंकू लावलं. मंग घेणारानं आपलं दावं आणावं. बैल घ्याले जाते तो आपलं दावं खांद्यावर टाकून जाते. हा रिकाम्या हातानं आला. मी समजलो, ठेवलं असंन त्यानं घरी दुसरं. सायकलीचा मिस्त्री हाये.”

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. सायकलवाल्यानं सगळा सौदा बैलाचा केला आणि बैल घेणाऱ्यानं करायचं तेवढं एकच काम विसरला. शहरातला माणूस अशी चूक करणार नाही, कारण तो मोटारीला कुंकूच लावणार नाही.

मी कायद्याची कलमं आठवायला लागलो. चोरीला मुळात चोरीचा हेतू लागतो. जप्ती मात्र करता आली असती. मी हात पुढे केला.

“न्या,” मालक म्हणाले. “सरकार हा तुमी. मालगुजारी नेली, हे बी न्या.” हँडल त्यांनी पुढे धरलं, पण बोटं सोडली नाहीत. पंजा म्हातारा होता आणि पकड घट्ट.

मी हात मागे घेतला. मोकळ्या हातानं परत निघालो. शनिवारला एक संध्याकाळ उरली होती आणि पाळीवरच्या त्या मोटारीत बाईची एकदाणी, सात वर्षांचा डबा आणि एक परमिट असं सगळं बसलेलं होतं. येताना निळ्या फुलांकडे मी पाहिलं नाही.

ठाण्यात डायवर दोरीच्या टोकाला गाठ मारत होता. मी येताना दिसताच त्यानं विचारलं, “मालक जागे होते का?”

मी बाकावर त्याच्या शेजारी बसलो आणि गोठ्यातलं सगळं सांगितलं. तपासात अधिकाऱ्यानं तसं बसायचं नसतं.

“तुला माहीत होतं.”

“होय जी.”

“मग सांगितलं काऊन नाही?”

“तुमी पोलीस हा. मी नाव घेतलं असतं तं तुमी मालकाच्या अंगणात बूट घालून गेले असते अन् चोरी म्हणाले असते. म्हाताऱ्या माणसाचं मंग गावात काय राह्यते?” त्यानं गाठ दातांनी ओढून घट्ट केली. “चोरी नव्हती. मी पयल्याच दिवशी सांगतलं.”

“आणि ही दोरी?”

“बदल्याचं दावं. खुंटी रिकामी नाई ठेवत. नवं टांगलं तं जुनं काढता येते. असं करते लोकं, कधी कधी, लयच गरज पडली तं.” त्यानं दावं माझ्या हातात दिलं. तीन पदरी, मऊ, वजनदार. साध्या दाव्याच्या दुप्पट लांब.

“इतकं लांब?”

“मोटारीचं हाये ना.”

शनिवारी सकाळी आम्ही गेलो. दावं बाईच्या हातात, वर नारळ. घेणाऱ्याच्या घरच्या लक्ष्मीनं द्यावं, हेही डायवरनंच सांगितलं होतं. मी अंगणाच्या बाहेर बूट काढले. सायकलवाला मान खाली घालून उभा होता.

“दावं आणाले इसरलो, मालक.”

मालकांनी दावं घेतलं, दोन्ही हातांत ताणून पाहिलं, नाकाशी नेलं. “ताज्या वाखाचं हाये. कोणी वळलं?” डायवर म्हशीकडे बघत होता. मालक गोठ्यात गेले, नवं दावं शेवटच्या खुंटीला टांगलं, परत आले आणि हँडल बाईच्या पदरात घातलं.

“उन्हात नका उभी करू तिले. घाटी चढाच्या आंधी पाणी पाजत जा. अन् पोरी, लेकरावानी रागावू नको तिच्यावर. हळू जागी होते ते.”

पाळीवर धक्क्याला आणलेली सहा माणसं त्या दिवशी नुसती बघायला उभी राहिली. डायवरनं हँडल भोकात घातलं. खुळ्ळ. खुळ्ळ. दम. फट्. आणि मग तो आवाज, अस्सल. माझी नक्कल त्याच्यापुढे काहीच नव्हती. शिट्टी तर मी अर्ध्यानं कमी काढली होती. मोटार लाखोरीतून चांद्याकडे गेली आणि बाईचा हात मागच्या खिडकीतून बाहेर आला, मूठ उघडत मिटत.

गाडी पास झाली. परमिट मिळालं. पुढे कळलं की सोळाही हप्ते वेळेवर गेले आणि एकदाणी त्याच वर्षी सुटून आली. रपट मी ‘वस्तू गहाळ नव्हती’ असा शेरा मारून निकाली काढली. या केसनंतर जबानी घेताना मी माणसाच्या तोंडाकडे कमी आणि हातांकडे जास्त बघू लागलो. तीस वर्षं ती सवय मोडली नाही. बूट काढायचीही.

पण अजून शनिवार संपला नव्हता. साहेब कोर्टातून सुटले आणि येताना नेमके त्याच मोटारीत बसून आले. पहिली सवारी तीच. रस्त्यात बाईनं, डायवरकडून ऐकलेलं धरून, त्यांना सगळं सांगितलं, मोटारीच्या आवाजापासून पट्ट्यापर्यंत. साहेब आले, खुर्चीवर बसले, रोजनामा उघडला आणि माझं पान वाचलं. मग मला बोलावलं. खाकरले. ‘हं’ म्हणाले. पान या गालातून त्या गालात गेलं. मी एका वाक्याची वाट बघत होतो. त्या दिवशी ते एका वाक्यावर थांबले नाहीत.

“आवाज काढून मालकाले उठवलं, म्हंजे लय मोठा तपास केला असं वाटून राह्यलं असंन तुले. तो माणूस दोन दिवस तुह्यासमोर बसून केस सोडवत होता. मांडीवर. अन् तू इथी काय लिहलं, वाच. मोठ्यानं वाच.”

मी वाचलं. ‘संशयित दोरी वळत बसला आहे. वर्तन बेफिकीर.’

“हं. पयल्या दिवशी त्यानं तुले तीन गोष्टी सांगतल्या. मी घेतलं नाई, कोणी चोरलं नाई, सनिवारच्या आत होते. तिन्ही खऱ्या निंगाल्या. तू काय केलं? माह्या खोलीत बसून माह्या नावानं पट्टा मागवला. माह्या ठाण्यात पट्टा हाये तरी का, जमादार?”

“नाई जी,” बाहेरून जमादार म्हणाले.

“उद्या त्याच्या गावी जा. सायकल नको, पायी जा. ज्या लोकायसमोर त्याची मडकी उपसली त्यायले गोळा कर अन् सांग, की तुमचा माणूस खरा होता अन् मी गाढव होतो. समजलं?”

“समजलं, साहेब.”

मी सलाम करून वळलो. दारापर्यंत पोचलो असेन.

“अन् ऐक, नकल्या.”

“जी?”

“ते माह्या आवाजात नको सांगू. सोताच्या आवाजात सांग.”